सव्वा वर्षाची आग, दीड मिनिटात

हिराजीकाकांनी मला आयुष्यात एकदाच 'चूक तुझी' असं सुनावायला हवं होतं, आणि नेमके तेव्हाच ते गप्प बसले. त्याचा राग मला अजून आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी मुळातच तापट, आणि ते त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळा जन्म वाफेत गेलेला माणूस. कुठे किती दाब झालाय ते त्यांना काट्याकडे न बघता कळायचं.

अंबरनाथला आमच्या रंगाच्या कारखान्यात ते बॉयलर सांभाळायचे आणि मी प्रयोगशाळा. माझ्या कामातलं एक काम म्हणजे आलेल्या कोळशाचा नमुना तपासणं. चिमूटभर कोळसा बंद भांड्यात जाळायचा, भोवतीचं पाणी किती तापलं ते बघायचं, आणि त्यावरून निघालेला उष्मांक कागदावर लिहून बॉयलरकडे धाडायचा. मी नवीन होते. तिसऱ्याच दिवशी तो कागद हातात धरून एक बुटके, रुंद खांद्यांचे गृहस्थ प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. गळ्यात ओला पंचा, भुवया अर्ध्या जळालेल्या.

"मॅडम, हे काय हाय?"

"रिपोर्ट आहे. वाचा."

"वाचला. समजला नाय."

असं सरळ सांगणारा माणूस मला त्या कारखान्यात तोवर भेटला नव्हता. आमचे इंजिनीयर न समजलेल्या कागदावर आधी सही करायचे आणि मग चहा मागवायचे. मी जरा वैतागूनच म्हटलं, "या कोळशाचा एक किलो जाळला तर पासष्टेक लिटर गार पाण्याला उकळी येईल. समजलं?"

त्यांनी आकड्यावरून काळं बोट फिरवलं. मग म्हणाले, "सगली आग पान्यात गेली तर. आमच्याकडं सगली जात नाय. धुराड्यातनं किती जाते, त्ये पन काडून द्या."

मी कागद परत घेतला. आठवी शिकलेला माणूस, बदलापूरच्या शिरगावचा, भातखाचरं करणाऱ्या आगरी घरातला. बॉयलरची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झालेला. एम. एस्सी.ला आमच्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी तर नक्कीच विचारला नव्हता.

त्या दिवसापासून रोज सकाळी सव्वाआठला दारात आवाज यायचा, "बाय, आजची आग किती?" महिन्याभरात मॅडमची बाय झाली होती आणि तुम्हीचं तू. मला एरवी कोणी न विचारता अरेतुरे केलं तर मी सोलून काढते. त्यांना काही बोलले नाही.

'कोळसा जाळला' असं ते कधी म्हणायचे नाहीत. 'आग काढली' म्हणायचे, शेतातून पीक काढावं तशी. भट्टीचं दार उघडण्याआधी त्यावर दोन थापा मारायचे. का, विचारलं तर म्हणाले, "कोनाच्याबी घरात जाताना सांगून जावं." खिशात एक डायरी आणि शिसपेन्सिल. बॉलपेनची शाई तिथल्या उष्णतेने गळते, म्हणून पेन्सिल. पेन्सिलीला टोक काढायला ब्लेड, आणि ब्लेड हरवू नये म्हणून ते डायरीच्या पुठ्ठ्यात खोचलेलं. डायरीत रोजचा कोळसा, रोजची वाफ, रोजची आग. कोणी सांगितलं नव्हतं. "मोजल्याबिगर आग समजत नाय," एवढंच त्यांचं म्हणणं.

आम्ही दोघं बदलापूर पूर्वेचे. चारला सुटलो की बरोबरच निघायचो. एकदा बदलापूरच्या पुलावरून उतरत असताना खालून तेलाच्या टाक्यांची मालगाडी निघाली, कर्जतकडून कल्याणकडे. काका कठड्याशी थांबले. ओठ हलत होते. गाडी गेल्यावर म्हणाले, "पन्नास. बाय, यांत आग किती असंल?"

मला घरी जाऊन कणीक मळायची होती. तरी मी त्यांची डायरी घेतली. एका टाकीत पन्नासहून जरा जास्त टन तेल धरलं. तेलाची आग कोळशाच्या दुपटीहून थोडी अधिक. आलेला आकडा इतका लांबलचक होता की शून्यं डायरीच्या समासाबाहेर गेली. काकांनी तो बघितला आणि डायरी परत घेतली. "असं नको. आपल्या बॉयलरात सांग."

म्हणजे आमचा बॉयलर दिवसाला बारा टन कोळसा खातो, तर ही एक गाडी त्याला किती दिवस पुरेल. मी पुन्हा भागाकार केला. चारशे सत्तर दिवस आले.

काका कठड्याला टेकले. खाली रूळ मोकळे पडले होते आणि एक कुत्रं ते ओलांडत होतं. "सव्वा वर्साची आग," ते म्हणाले, "न गेली दीड मिनटात." त्यांचा चेहरा असा झाला होता की मला कणकेचा विसर पडला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना प्रवाह शिकवायला बसले. आग किती हे वेगळं आणि किती वेळात किती गेली हे वेगळं, हे सांगता सांगता माझा घसा सुकला. काका ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हंजे पाटाचं पानी. तलावात किती त्ये येगलं, न माज्या वाफ्यात घटकेला किती पडतं त्ये येगलं." मग त्यांनीच पुढचा हिशेब घातला. अशी गाडी रोज एक जात असेल तर तिच्यातून सदासर्वकाळ आपल्यासारख्या चारशे सत्तर बॉयलरांची आग वाहते. आपण झोपलो तरी वाहते, कारखान्याला सुट्टी असली तरी वाहते. रुळांवर दिसत काहीच नाही, पण पाट चालू आहे. मी सांगितलं असतं त्याहून हे सोपं होतं. नंतर माझ्या भाचीला शिकवताना मी हेच वापरलं आणि श्रेय स्वतः घेतलं.

तेव्हापासून तो नेम झाला. रोज चार-पन्नासला पुलावर. गाडी येईल त्या दिवशी काका टाक्या मोजायचे आणि मी हिशेब तपासायची. कामाची वाटणी पक्की होती. टाक्या दुसऱ्या कोणी मोजलेल्या त्यांना चालायच्या नाहीत. एकदा आमच्यातल्या एका इंजिनीयरने हौसेने एकोणपन्नास मोजल्या, तर काकांनी त्या दिवसाचं पानच कोरं सोडलं. "त्याची नजर हलत हुती," म्हणाले. हिशेब मात्र माझ्या हाताखालून गेल्याशिवाय त्यांना पटायचा नाही. डायरी पुढे करायची, "बग जरा, बराबर हाय ना?" मी बघायची, "बरोबर आहे" म्हणायची, आणि ते त्या ओळीखाली रेघ मारायचे. माझ्या 'बरोबर'ची किंमत त्या रेघेएवढी कधीच कोणी केली नाही, आमच्या घरात तर नाहीच.

गाडी जायला लागणारा वेळ मनगटावरच्या घड्याळात नीट कळेना, म्हणून स्टॉपवॉच आणायला आम्ही उल्हासनगरला गेलो. दुकानदार सिंधी, गोड बोलणारा. काकांनी घड्याळ हातात घेतलं, चालू केलं आणि काउंटरला टेकून उभे राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दुकानदाराने मला खुणेने विचारलं, तब्येत ठीक आहे ना?

"एक तास बगनार," काका म्हणाले. "किती शेकंद खातं त्ये कलाया नको?"

"साईं, घड़ी है, तुम्हारा बॉयलर नहीं," दुकानदार म्हणाला. पण गिऱ्हाईक दारात तासभर उभं, त्याला उपाशी कसं ठेवणार? आतून भाजलेला पापड आला, पाणी आलं. तासाने घड्याळ दोन सेकंद मागे पडलेलं निघालं. काकांनी ते घेतलं, आणि डायरीच्या पहिल्या पानावर लिहिलं: तासाला दोन सेकंद कमी. पुढे कधीही त्या दुकानावरून गेलो की तो माणूस आतूनच विचारायचा, "काका, आज कितनी आग गयी?" काका आकडा सांगायचे. त्याला त्याचं काय कळायचं देव जाणे, पण तो गंभीरपणे मान डोलवायचा.

घरी मात्र कौतुक बेताचं. त्यांची बायको, बारकूबाई, मला एकदा जेवायला वाढताना म्हणाली, "घरचा सिलिंडर कवा संपला त्ये कलत नाय याला, न गाड्यांची आग मोजतंय." काका खाली मान घालून बोंबलाचं कालवण भुरकत राहिले. शिरगावात त्यांच्या खाचरांवर एव्हाना इमारती उभ्या राहिल्या होत्या. भावांनी गाड्या घेतल्या, बंगले बांधले. काकांनी घराला रंग दिला आणि नातीला, सायलीला, इंजिनीयरिंगला घातलं. नातीपुढे ते जरा दबून असायचे. "तिचं शिक्सन खरं," म्हणायचे, "आपलं म्हंजे येड्याचं गनित." ते हसत म्हणायचे, पण मला ते लागायचं.

आठ वर्षं हे चाललं. काकांच्या निवृत्तीला महिना उरला असताना शिरगावच्या शाळेने त्यांना भाषणाला बोलावलं. शाळेतल्या बाई सायलीच्या ओळखीच्या. विषय काकांनी स्वतः दिला: रुळांवरून वाहणारी आग. दहावीपर्यंतची सगळी मुलं, शिक्षक, गावातले चार मोठे लोक. सायली मैत्रिणींना घेऊन येणार होती. काकांनी नवा सदरा शिवायला टाकला. माणसाने आयुष्यभर कोळशाच्या धुरळ्यात काढलेलं आणि एकदा, एकदाच, शिकलेल्या माणसांनी खाली बसून आपलं ऐकावं एवढी त्यांची इच्छा. तोंडाने बोलले नाहीत, पण रोज मला विचारायचे, "फल्यावर पयला कोनता आकडा लिवू?"

आणि दोन दिवस आधी माझ्या जिभेने घात केला. आमच्या इमारतीत सावंत म्हणून निवृत्त गार्ड राहतात, उभा जन्म मालगाडीवर गेलेला. जिन्यात भेटले तर मी फुशारकीने काकांची गोष्ट सांगायला लागले. चार-पन्नासची गाडी, पन्नास टाक्या, सव्वा वर्षाची आग. सावंत आधी हसले, मग खोकले, मग जिन्याच्या पायरीवरच बसले.

"अहो मॅडम, कल्याणकडे जाणारी ना? ती रिकामी असते. तेल मुंबईहून निघतं. भरलेली पहाटे पुण्याकडे जाते आणि संध्याकाळी मोकळ्या टाक्या परत येतात. स्प्रिंगा बघायच्या. भरलेली असली की दबलेल्या दिसतात. पुलावरून काय, टाक्यांच्या पाठी दिसणार."

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. आठ वर्षं आम्ही रिकामी गाडी मोजत होतो. आणि ही चूक दुसरं कोणी केलीच नसती, आम्हा बदलापूरकरांखेरीज. दूध मुंबईकडे, भाजी मुंबईकडे, सकाळ झाली की माणसं मुंबईकडे. मग तेलही मुंबईकडेच जाणार, यात विचारायचं काय? काकांनी नसेल विचारलं. पण मी? पोत्यात काय आहे ते तपासायचा पगार घेणारी बाई मी. टाकीत काय आहे, हे मी एकदाही विचारलं नाही. प्रत्येक ओळीखाली 'बरोबर आहे' म्हणत गेले.

सांगू नये, असंही मनात आलं. शाळेतल्या पोरांना काय कळणार होतं? पण सायलीच्या मैत्रिणींतल्या एकीचे वडील रेल्वेत असले तर? भर सभेत कोणी उठून म्हणालं तर? दुसऱ्या दिवशी सकाळी मीच बॉयलरवर गेले. काका काच पुसत होते, पाण्याची पातळी दाखवणारी. मी एका दमात सांगून टाकलं.

काकांचा हात थांबला. "रिकामी?"

"रिकामी."

"आठ वरसं?"

"हो."

"तू बगितलंस ना पन. तू बराबर बोललीस."

"हिशेब बरोबर होता, काका," मी म्हटलं. "गाडी रिकामी होती." मी त्यांच्या हातातल्या फडक्याकडे बघत होते. "चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं."

काकांनी फडकं झटकलं. काच पुन्हा पुसायला लागले. स्वच्छच होती. मी पाचेक मिनिटं उभी राहिले आणि परत आले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी सुखाने घरी गेले असते.

भाषणाला मी पुढच्या रांगेत बसले होते, प्लॅस्टिकच्या खुर्चीत. नवा सदरा इस्त्रीने कडक झालेला. काका फळ्यापाशी गेले, फळ्यावर दोन थापा मारल्या आणि मोठा पन्नास लिहिला. मग मुलांकडे वळले.

"मी आठ वरसं एक गाडी मोजली," ते म्हणाले. "तिच्यात सव्वा वर्साची आग हाय असं लिवलं. काल समजलं, ती गाडी रिकामी हुती."

पोरं हसली. मागे मोठे लोकही हसले. सायलीने मान खाली घातली. मला कानाच्या पाळीपर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. काका हसू थांबेपर्यंत उभे राहिले.

"गुरुजी विचारतील, तपासलं नाय का कोनी? मीच नाय तपासलं. मोजनारा मी. चूक माजी."

पुढच्या रांगेत मी बसले होते. चार हातांवर. उठून 'तपासणारी मी होते' म्हणायला किती वेळ लागतो? तीन शब्द. मी, जी रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून अख्खा स्टँड गोळा करते, ती खुर्चीला चिकटून बसले. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते, एवढं आठवतंय.

मग त्यांनी फळ्यावर गाडी काढली. दबलेली स्प्रिंग आणि ताठ स्प्रिंग काढली. पहाटे भरलेली जाते, संध्याकाळी रिकामी येते, तर पाट कुठल्या दिशेने वाहतो ते मुलांकडूनच काढून घेतलं. रिकामी गाडी परत ओढायला लागणारी आगसुद्धा वजा करायची, हे त्यांनी त्या एका रात्रीत स्वतःच शोधलं होतं. हसणारी पोरं वह्या काढून लिहायला लागली. शेवटी सायली पुढे आली आणि आजोबांच्या हातातला खडू घेऊन त्यांचा मूळ भागाकार पुरा केला. आला तो तोच आकडा, चारशे सत्तर. आकडा खरा होता. फक्त आम्ही त्याला चुकीच्या गाडीत बसवलं होतं.

त्या दिवसानंतर काका माझ्याशी नेहमीसारखेच बोलायचे. "बाय, आजची आग किती?" शेवटच्या दिवसापर्यंत विचारलं. पण डायरी पुढे केली नाही. 'बग जरा' नाही की 'बराबर हाय ना' नाही. पुलावर यायचंही सोडलं. निवृत्त झाले आणि शिरगावच्या बाजूला, जिथून रूळ डोळ्यांच्या पातळीवर दिसतात, तिथे कुंपणाजवळ खुर्ची टाकून बसायला लागले. मी सणावाराला घरी जायची. बारकूबाई वाढायची, काका कारखान्यातल्यांची विचारपूस करायचे. डायरी खिशात दिसायची. मी ती मागितली नाही. मागायचं तोंड नव्हतं.

शेवटचे भेटले ते त्याच कुंपणापाशी. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यावर पट्टी, शेजारी काठी. वाळले होते. मी दोन वर्षं गिळून ठेवलेलं बोलून टाकलं. "काका, शाळेत त्या दिवशी मी उठून सांगायला हवं होतं. तपासणारी मी होते. तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"तू उटशील वाटलं मना," ते म्हणाले. रागाने नाही, साधेपणाने.

मला रडू आलं. लपवलं नाही, त्यांच्यापुढे काय लपवायचं. काकांनी पंच्याचं टोक पुढे केलं. तेवढ्यात कल्याणकडून भोंगा वाजला. पहाटेची गाडी उशिराने धावत होती, भर अकराला. काकांनी हात वर करून मला गप्प केलं. इंजिन गेलं, आणि टाक्या सुरू झाल्या. स्प्रिंगा पार दबलेल्या, पायाखालची जमीन थरथरत होती. त्यांचे ओठ हलत होते. मीही मोजत होते, न सांगता. आयुष्यात पहिल्यांदा.

शेवटचा डबा गेला. "एक्कावन्न," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुजे किती?"

"पन्नास."

त्यांनी रुळांकडे बघितलं. एक डोळा पट्टीआड, एक मिचमिचता. मग त्यांनी खिशातून डायरी काढली, पेन्सिल काढली, आणि दोन्ही माझ्या मांडीवर ठेवल्या.

"तुजं लिव," म्हणाले.

पानावर त्यांनी नवा रकाना आखलेला होता, आकड्याच्या शेजारी. मी पन्नास लिहिलं, आणि शेजारच्या रकान्यात लिहिलं, भरलेली.